आठ किलो पामच्या देवीला

परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग तोंडाकडे. "काय, किती उतरलं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. शिवाय एका वाक्यात उत्तरं देऊन मोकळं होण्याच्या सवयीनंच माझी ही दशा झाली, म्हणून या वेळी सगळंच लिहून काढतो. लोक हवापालटाला महाबळेश्वरला जातात, पन्हाळ्याला जातात. बोईसरला उतरून पाम नावाच्या गावी, आणि तेही सासुरवाडीला, वजन उतरवायला गेलेला माझ्या माहितीत मी एकटाच.

आधी कबुली. वय अठ्ठेचाळीस, नोकरी हेडक्लार्कची, राहणार पुणे. दोन वर्षं मी रोज पहाटे पर्वती चढून येतो असं बायकोला सांगत होतो. घरातून निघत होतो हे खरं. पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी, सगळं खरं. पण पायथ्याच्या अलीकडे एक मिसळीचं दुकान आहे. त्याच्या पुढे मी दोन वर्षांत चारदा गेलो असेन, आणि त्यातही एकदा दुकान बंद होतं म्हणून.

श्रावणात कचेरीचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी फायलींसकट खाली आलो. माझे वडील पन्नाशीत असेच जिन्यावर गेले. मी वाचलो. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, अठ्ठ्याऐंशी किलो. ते कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाले, "वजन उतरलं नाही तर पुढचा जिना मी सांगू शकत नाही. आणि वहिनी, रोज पर्वती चढणाऱ्या माणसाचं हृदय असं नसतं."

कुसुम काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं माझे बूट उचलले, उलटे केले आणि तळवे बघितले. दोन वर्षांचे बूट. तळव्यांवरची नक्षी दुकानातून आणली तशीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं निकाल दिला. "दोन महिन्यांची रजा काढा आणि माझ्या माहेरी जा. तिथं मोकळी हवा आहे, चालायला समुद्रापर्यंत रस्ता आहे आणि मिसळ नाही. दर रविवारी बोईसर स्टेशनावर पार्सलच्या काट्यावर उभं राहायचं, बाबूकडून वजन लिहून घ्यायचं आणि ती चिठ्ठी मला पाठवायची. पत्र लिहू नका. पत्र तुम्ही छान लिहिता."

या शेवटच्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं जिन्यावरून पडल्यानंही लागलं नव्हतं.

बोईसर

दसरा उलटल्यावर मी बोईसरला उतरलो. स्टेशनाबाहेर एका बाजूला गवताच्या गाठींचे डोंगर रचलेले होते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत इथूनच जातं. दुसऱ्या बाजूला तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर जाणाऱ्या कामगारांची गर्दी. तिकडे "ऐ भाई, जरा सरको" आणि इकडे "आरं, बैल धर". दोन्हींच्या मधे मी, वळकटी आणि पोट सांभाळत उभा.

पार्सल ऑफिसात गेलो. बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय बुक करायचंय?"

"मला."

सगळी हकीकत सांगावी लागली. त्यानं ती गंभीरपणे ऐकून घेतली, मला काट्यावर चढवलं, मापं सरकवली आणि चिठ्ठी लिहिली : नग एक, वजन ८७. मग पेन थांबवून विचारलं, "वर 'नाजूक माल' लिहू का?"

सासरे, म्हणजे आप्पा, न्यायला आले होते. बहात्तर वर्षांचे, अंगावर मांस म्हणून देवानं काही ठेवलंच नाही. मी टांगा बघू लागलो, तर म्हणाले, "टांगा कशाला? गाव इथंच हाय." त्यांच्या 'इथंच'मध्ये मी रस्त्यावरच्या तीन मोऱ्यांच्या कठड्यांवर बसलो. माझी वळकटी त्यांच्या डोक्यावर होती. मी बसलो की तेही थांबत, पण उभे राहूनच, आणि आकाशाकडे बघत. जावयाला धापा टाकताना बघणं बरं दिसत नाही म्हणून असावं.

पाम

सासऱ्यांची वाडी म्हणजे केळी, नारळ आणि पानवेली. घराच्या ओट्यापासून विहिरीपर्यंत ऊन असं जमिनीला लागतच नाही. राजेळी केळीचे घड माझ्या मांडीएवढे लोंबत होते. काही घडांना लाल दोरा बांधलेला दिसला. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल.

आता सासूबाईंविषयी. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. भांडण नाही. तिकडच्या जुन्या बायकांत जावयाशी समोरासमोर न बोलण्याची रीत आहे. पदर पुढे ओढून, दाराच्या आड उभ्या राहून त्या आप्पांना सांगतात आणि आप्पा मला सांगतात. आप्पा घरात नसले तर त्या मांजराला सांगतात. "मने, पाणी तापलंय म्हणावं." मनी माझ्याकडे बघते, मी उठतो.

पहिल्याच जेवणाला ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, खोबऱ्यातलं पापलेट, केळीच्या पानात भाजलेली पानगी आणि तुपात परतलेली केळी. मी अर्ध्यावर ताटावर हात आडवा धरला. पुण्यात 'घ्या ना' याचा अर्थ 'आवरा आता' असा असतो, आणि हात आडवा धरला की यजमान सुटकेचा निःश्वास टाकतो. इथं ताटावर हात धरला तर हाताच्या बाजूनं वाढतात.

"आप्पा, डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय."

आतून आवाज आला, "सांगा त्यांना, डॉक्टरला बायको नसंल."

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "ती म्हणते, घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पश्चात्तापाच्या भरात पन्नास सूर्यनमस्कार घातले. एकावन्नावा घालायला वाकलो तो तसाच राहिलो. आप्पांनी मला वाकलेल्या स्थितीतच ओट्यावर आणून ठेवलं. दोन दिवस गरम तेलाची मालीश झाली. सासूबाईंनी मनीला सांगितलं, "अंग दुखतंय म्हंजे अशक्तपणा हाय," आणि डिंकाचे लाडू केले. ते खाल्ले. नाही म्हणायला मनीमार्फत निरोप कसा पाठवायचा हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी मार्ग शोधलाही नाही.

दुसरा रविवार

काट्यावर चढतानाच मला अंदाज आला होता. शेजारी लोखंडी खांब होता. मी सहज, म्हणजे अगदी सहज, त्याच्यावर तळवा टेकला आणि जरा भार दिला.

बाबू मापं सरकवता सरकवता म्हणाला, "काका, खांब सोडा. तो रेल्वेचा आहे."

चिठ्ठी झाली : नग एक, वजन ८८. त्यानं ती हातात देताना म्हटलं, "माल वाटेत फुगला." मी ती पाकिटात घातली. पाकीट पेटीत टाकण्याआधी दहा मिनिटं हातात धरून उभा होतो. कुसुमला दोन वर्षं मी शब्दांनी फसवलं, आणि आता निदान आकडा तरी खरा जावा, म्हणून टाकलं. पण वाटेत ठरवलं की आता घरी जेवायचंच नाही.

त्या रात्री मी उपास आहे म्हणून सांगितलं. सकाळीही तेच. दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. मी घाबरून आप्पांना गाठलं. ते पानवेलींना पाणी सोडत होते.

"आप्पा, पानग्या नाही खाल्ल्या म्हणून एवढं?"

"पानग्यांचं नाय." त्यांनी पाट वळवला, फावडं टेकलं आणि सांगायला लागले. श्रावणात तुमी पडलात तवा कुसुमचं पत्र आलं. वजन अठ्ठ्याऐंशी किलो, जीव धोक्यात, असं लिवलं होतं. ही तशीच गावदेवीला गेली आणि नवस बोलली : जावय वाचला तर त्याच्या वजनाची केळी तुला चढवीन. पुढच्या पत्रात तुमी वाचल्याचं कळलं. लाल दोऱ्याचे घड तुमचेच हायेत.

"मग रडायचं काय? केळ्यांची तुला करू. मी बसतो."

"आवो, देवीला हिनं अठ्ठ्याऐंशी कबूल केलंय. तुमी बसणार कमी होऊन. मंजी देवीला फसवलंत का नाय? ती म्हणते, देवीनं पुरा जावय दिला आन् आमी अर्धाच मोजायचा? देवी तो परत मागंल."

मी विहिरीच्या काठावर बसलो. बायकोला फसवलं होतंच. आता नकळत देवीच्या यादीतही माझं नाव लागलं होतं. आणि सासूबाईंच्या इतक्या दिवसांच्या वाढण्याचा अर्थ आता लागला. त्या मला पोसत नव्हत्या. देवीचा माल भरून ठेवत होत्या. त्यांच्या हिशेबानं मी बारीक झालो तर त्यांची लेक विधवा होणार होती, आणि डॉक्टरांच्या हिशेबानं नाही झालो तर. दोघांचंही भांडण माझ्या जिवासाठीच होतं, आणि दोघांच्या मधे माझं पोट होतं.

"मग काय करायचं, आप्पा?"

आप्पांची हयात वाडीत आणि गवताच्या वखारीत गेलेली. त्यांनी पाट पुढच्या वाफ्यात वळवला. मग म्हणाले, "काट्याची दोन पारडी सारखी नसली तर वखारीत काय करतात? हलक्या पारड्यात दगड टाकतात. त्याला धडा म्हनतात. मग माप खरंच येतं. तुमी जेवडे कमी व्हाल तेवडा धडा तुमच्या पारड्यात ठेवू. देवीला अठ्ठ्याऐंशीच मिळंल."

हा तोडगा आत पोचला. तिसऱ्या दिवशी ताटात एकच भाकरी आली, आणि दाराआडून मनीला सांगितलेलं ऐकू आलं : "धडा चालंल. पण धडा आपल्या घरचा पायजे. आन् देवळापर्यंत तो ज्याचा हाय त्यानंच न्यायचा."

त्या आठवड्यापासून तुळशीपाशी दगड जमायला लागले. पुढच्या रविवारी चिठ्ठी आली सत्याऐंशीची. ती मी मोठ्यानं वाचली आणि सासूबाईंनी अंगणातला दगड हातात तोलून तिथं ठेवला. मी कमी होत होतो आणि तुळशीपाशी ढीग वाढत होता.

तारापूरच्या वाटेवर

व्यायामाचं आप्पांनीच हातात घेतलं. मी पुन्हा सूर्यनमस्कारांचं बोललो तेव्हा म्हणाले, "आज पन्नास घालाल, उद्या खाटेवर. माज्या वयाला जेवडं करू शकाल तेवडंच आज करा. पन रोज करा." त्यांच्या वयाला ते काय करत होते? सकाळी वाडीला पाणी, दुपारी तारापूरच्या वाटेनं समुद्रापर्यंत चालणं आणि परत. घाई नाही, घाम नाही, 'व्यायाम' हा शब्दही नाही. मी त्यांच्या मागून चालू लागलो. पहिल्या आठवड्यात मोऱ्यांचे कठडे मोजत. दुसऱ्यात एक कठडा सोडून. तिसऱ्यात मला रस्ता दिसायला लागला : मिठागरांची पांढरी खाचरं, ताडांवर लटकलेली मडकी, दोरीवर वाळत घातलेल्या बोंबिलांच्या माळा आणि त्यांचा तो वास. पहिले दोन दिवस मी नाकाला रुमाल लावला. नंतर त्या वासानं भूक लागायला लागली. कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन मला मागे टाकून जायच्या, बोलता बोलता, हसता हसता. एक म्हातारी रोज ओरडायची, "जावय, आज तरी पोचताव का?"

एकदा घसरलो, तेही सांगतो. आप्पांना बरं नव्हतं, मी एकटाच निघालो होतो. परतताना बांधकामाच्या सामानाचा एक रिकामा ट्रक थांबला. सरदारजी ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "बाबूजी, पैदल क्यों मरते हो? बैठ जाओ." मी बसलो. वारा लागत होता, सरदारजी गात होता, मला आयुष्य फार सोपं वाटलं. पामच्या वळणावर उतरलो तर समोर मोरीच्या कठड्यावर आप्पा बसलेले, घोंगडी पांघरून. मी एकटाच गेलो म्हणून ताप अंगावर घेऊन बघायला आले होते.

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या लेकीला ही सवय कुठून आली ते मला तेव्हा कळलं. मी आल्या पावली मागे फिरलो, समुद्रापर्यंत गेलो आणि पुन्हा चालत आलो. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पा ओट्यावर होते. एवढंच म्हणाले, "आज दोनदा गेलात का?"

चिठ्ठ्या जात राहिल्या. शहाऐंशी. पंचाऐंशी. एकदा पुन्हा पंचाऐंशीच; बाबूनं लिहिलं, 'माल स्थिर'. मग त्र्याऐंशी, ब्याऐंशी. कुसुमचं उत्तर कधीच आलं नाही. पण सातव्या आठवड्यात आप्पांच्या नावे कार्ड आलं : 'तुलेला येते.'

गावदेवी

तुलेच्या दिवशी सकाळी पार्सलच्या काट्यावर ऐंशी भरलो. चिठ्ठी या वेळी पोस्टात टाकावी लागली नाही; कुसुम सकाळच्या गाडीनं उतरली होती. तिनं चिठ्ठी वाचली, पर्समधल्या आधीच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवली आणि काट्याकडे, मग खांबाकडे पाहिलं. बाबू म्हणाला, "वहिनी, खांब नाही धरला. मी स्वतः मधे उभा होतो."

घरी आलो तर तुळशीपाशी दगडांचा ढीग नव्हता. सासूबाईंनी तो सकाळीच कुंपणापाशी टाकून दिला होता. आतून आवाज आला, "देवीला काय वाटेवरचे दगड द्यायचे?" आणि आप्पांनी स्वयंपाकघरातून उचलून आणला तो सासूबाईंचा पाटा, वरवंट्यासकट. लग्नात त्यांच्या आईनं दिलेला, मधोमध झिजून खोलगट झालेला. वखारीतल्या काट्यावर तो आधीच तोलला होता : पाटा-वरवंटा मिळून आठ किलो आणि वर थोडं.

"वरचं देवीला चालतं," आप्पांनी निरोप दिला. "कमीचं चालत नाय."

देऊळ गावाबाहेर टेकाडावर आहे. पाटा हातात धरवेना, खांद्यावर टोचायला लागला. शेवटी कुसुम म्हणाली, "जिथं होता तिथंच बांधा." तिनं उपरण्यात गुंडाळून तो माझ्या पोटावर बांधला आणि गाठ मागे घट्ट आवळली.

गाव दारात उभं होतं. "जावयाला कितवा म्हयना गं?" एकीनं विचारलं. "आठवा," दुसरी म्हणाली, "आठ किलोचा!" कोळणींमधली ती म्हातारीही आली होती. "आज तरी पोचताव का?" टेकाडाच्या मध्यावर माझे गुडघे बोलायला लागले. छाती भरून आली, मान ताठली, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. हा चढ मी आदल्या आठवड्यात शीळ घालत चढलो होतो. पाटा गार होता, निर्जीव होता, आणि तरी ओळखीचा वाटत होता. कचेरीचा जिना रोज मी हाच पोटावर घेऊन चढत होतो; फक्त तेव्हा तो काढून ठेवता येईल असं माहीत नव्हतं. मी एका दगडावर टेकलो. कुसुम शेजारी उभी राहिली. वाकून मागची गाठ सैल झाली का बघितली आणि जरा घट्ट केली.

"लागतं का?" तिनं विचारलं.

"लागतं."

"खरं?"

"खरं."

देवळापुढच्या उंबराला वखारीचा मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात मी, मांडीवर पाटा, पाट्यावर वरवंटा. दुसऱ्या पारड्यात लाल दोऱ्याचे घड एकामागून एक चढू लागले. माझं पारडं जमिनीवरून हललं, थरथरलं, वर उचललं गेलं. मी डोळे मिटले. दोन्ही पारडी समोरासमोर आली तेव्हा सासूबाईंनी पदराखालून केळ्यांची एक फणी काढली आणि वरून ठेवली. मी आणखी बोटभर वर गेलो. गाव हसलं. केळी सगळ्यांना वाटली गेली. मी एक खाल्लं.

मग मी खाली उतरलो. पाटा-वरवंटा उचलला आणि उपरण्यात बांधू लागलो. संध्याकाळचं वाटण त्यावरच व्हायचं होतं, आणि मी बदललेला माणूस होतो. म्हटलं, परतही मीच नेईन.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. आप्पांकडे पाहिलं नाही. मनी घरीच राहिली होती. पदर तसाच पुढे, पण बोलल्या त्या सरळ माझ्याकडे बघून, बावीस वर्षांत पहिल्यांदा :

"ठेवा तो खाली. देवीला दिलेलं वजन परत न्यायचं नाय, जावय."

पाटा देवीच्या पायरीशी अजून आहे. मी मोकळ्या हातांनी टेकाड उतरलो, आणि खोटं का सांगू, उतरताना रडलो. त्या रात्री जेवणात चटणी नव्हती.

सासूबाईंनी नवा पाटा घेतला. आप्पांच्या पत्रात असतं की तो अजून बसलेला नाही, वाटण जाडं होतं, पण चाललं आहे.

आणि आता शेवटची कबुली. काल पुणे स्टेशनावर काट्यावर उभा राहिलो. एक्याऐंशी. एक किलो मी देवीकडून परत आणला आहे. कुठून आणला तेही माहीत आहे. मिसळीचं दुकान अजून तिथंच आहे. कुसुमला काल रात्रीच सांगितलं. हे छापून आलं की आप्पा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतील, आणि दाराआडून मनीला जे सांगितलं जाईल ते मला इथं बसून ऐकू येतंय. तेव्हा उठतो. बूट दाराशीच आहेत. तळवे आता गुळगुळीत झाले आहेत, पर्वतीच्या पायऱ्यांवर जरा जपूनच चढावं लागतं.